उजव्या हाताची कबुली

मी एक जुना हात आहे. दचकू नका मित्रांनो, खुर्चीचा हात. उजवा. अंगाने अस्सल सागवान, वयाने तुमच्या आजोबांच्या जवळपास, आणि मनाने कायमचा ओशाळलेला. का, ते सांगतो.

सागवानाचे गोडवे तुम्ही ऐकले असतील. आमच्या अंगात तेल मुरलेले असते, म्हणून वाळवी आमच्या वाटेला सहसा जात नाही. नीट वाळवले तर आम्ही उगाच वाकत नाही, पिळवटत नाही. पण आमच्या खोडीही कमी नाहीत. आमच्या पोटात वाळूसारखे बारीक कण असतात. त्यांनी रंध्याचे पाते पाहता पाहता बोथट होते. आणि ज्या तेलाचे एवढे कौतुक, तेच सरसाला धड चिकटू देत नाही. ताजा रंधा मारला की तेवढ्यापुरते ते हटते, मग सावकाश पुन्हा वर येऊन बसते, आगंतुक पाहुण्यासारखे.

हे सारे ताईला ठाऊक होते. ताई म्हणजे आमच्या सुताराची थोरली बहीण. बापाच्या कारखान्यात भुसा झाडता झाडता ती सगळे शिकली. भाऊ कापायचा, रंधायचा. सांधे चिकटवणे आणि पॉलिश तिच्याकडे. भाऊ चाळिशीचा आणि चांगला दणकट, पण तिच्या तोंडी अजून बारक्याच. तिचा नियम साधा होता : सागवानाला सकाळी रंधा, थिनरचा बोळा, आणि दुपारच्या आत सरस.

मला रंधा मारला तो शनिवारी संध्याकाळी. तेवढ्यात कुणाचे तरी दार अडकले म्हणून बारक्याला बोलावणे आले. तो उगवला थेट सोमवारी. ताईने माझ्या टोकावरून, जे पाठीच्या खाचेत बसायचे त्यावरून, बोट फिरवले.

"बारक्या, पुन्हा एक हात मार. तेल वर आलंय."

"अगं लाव तू. खुर्ची आज द्यायचीये. सागवान आहे, त्याला काय धाड भरलीये?"

 मग बोळा फिरवून तिने सरस लावला. आणि मी? माझे तेल मला कळत होते. सरस नुसता अंगावर पडून होता, आत शिरत नव्हता. तरी क्लॅम्प आवळल्यावर मी शहाण्यासारखा गप्प बसलो.

खुर्ची गेली शिवणकाम करणाऱ्या एका आजींकडे. काय तो माझा रुबाब! येणारी प्रत्येक बाई माझ्यावरून हात फिरवून म्हणायची, रेशीम आहे अगदी. मी फुगलो. तीन महिने फुगलेलाच होतो. मग एका सकाळी स्वयंपाकघरात दूध उतू जाऊ लागले. आजी माझ्यावर भार टाकून घाईने उठल्या, आणि मी निसटलो. सगळाच्या सगळा. आजी फरशीवर, मी त्यांच्या शेजारी. त्यांचे उजवे मनगट मोडले. त्याच हाताने त्या काजे करायच्या, इतकी सुबक की लोक कपडे उलटे करून बघायचे.

आजींची मुलगी खुर्ची घेऊन कारखान्यात आली आणि तिने एवढेच विचारले, हे चिकटवले कुणी?

बारक्याने खाली बघत म्हटले, "सरस ताई लावते."

मित्रांनो, वाक्यात एक अक्षरही खोटे नव्हते. म्हणूनच ते इतके वाईट होते. ताईने हातातला बोळा खाली ठेवला. ॲप्रन सोडला, घडी घातली, खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवडाभरात गिऱ्हाइके हळूच सुचवू लागली, आमचे चिकटवायचे काम तेवढे तुम्ही स्वतः करा हं. बारक्या मान डोलवायचा.

मग त्याने मला दुरुस्तीला घेतले. माझ्या टोकावरचा सरस नखाने उचलला, तर सापाच्या कातीसारखा अख्खा निघून आला. खालचे माझे अंग जसेच्या तसे. बारक्या ती कात हातात धरून बराच वेळ स्टुलावर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला ताजा रंधा मारला, खुर्ची, सरस आणि क्लॅम्प हातगाडीवर घातले आणि आधी आजींकडे गेला. उंबऱ्यातूनच म्हणाला, ताईने बजावले होते, मीच ऐकले नाही.

प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन आजी म्हणाल्या, "मी पडले, पण उठले. तू जिला पाडलंस तिच्याकडे जा."

तो गेला, तेव्हा ताई तिच्या अंगणात मटार सोलत होती. त्याने सांगितले ते सगळे तिने ऐकून घेतले. मग विचारले, "मुलीसमोर बोललास, की एकट्या आजींसमोर?"

"दोघींसमोर."

"आणि गिऱ्हाइकांना?"

"आजपासून सांगतो. एकेकाला."

ताईने मटाराची टोपली बाजूला सरकवली. "मग लाव सरस. तू लाव. मी बघते."

त्याने लावला. ती उभी राहून चुका काढत होती आणि तो निमूट ऐकत होता. सोमवारी ती कारखान्यात आली. पण पहिले काही महिने ती प्रत्येक सांधा लावण्याआधी चार माणसांदेखत त्याला विचारायची, "लावू ना?" त्याचे कान लाल व्हायचे.

त्यानंतर माझा सांधा कधी हलला नाही. पण आजींचे मनगट पूर्वीसारखे वळले नाही, काजे मुलगी करू लागली. आणि शेवटपर्यंत आजी माझ्यावर भार टाकण्याआधी मला एकदा दाबून बघायच्या. दाबायच्या अगदी हलकेच, मला वाईट वाटू नये अशा बेताने.

म्हणून सांगतो मित्रांनो, लाकडाची निगा राखा, ऊन-पाण्यात टाकू नका, ते तर आहेच. पण कुठे आतून नीट चिकटलेले नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, तर कुणी भार टाकायच्या आधी सांगा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.