लॅक्लनचं झुडूप

एडिनबर्गच्या त्या बागेत मे महिना नेहमीसारखाच निर्लज्जपणे फुलला होता. जांभळे, गुलाबी, पांढरे ऱ्होडोडेंड्रॉन एकमेकांच्या अंगावर रेलले होते. मधोमध एकच झुडूप उघडंबोडकं. तांबड्या फुलांचं, लॅक्लनच्या आवडीचं. पानं पिवळी पडून गळाली होती आणि खोडाला ‘रोगट, काढणार’ अशी पाटी अडकवली होती.

दोन वर्षांमागं इशबेलनं नवऱ्याची, लॅक्लनची रक्षा याच्याच बुंध्याशी घातली होती. लपून, परवानगी न घेता. इथं सगळे तसंच करतात. पुढं आपणही इथंच यायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

“रुसलाय तो,” बाकावर थर्मास उघडत नणंद ऊना म्हणाली. “लहानपणीही असाच फुगून बसायचा.”

लॅक्लन हयातभर शेजाऱ्यांवर खेकसत आला होता, की ऱ्होडोडेंड्रॉनला शेगडीची राख घालू नका, त्याला आंबट माती लागते, राखेनं मरतो तो. ते सगळं इशबेलला आत्ता आठवलं. शेगडीची राख तिनं कधीच घातली नव्हती. नवऱ्याला राख म्हणायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

करवत घेऊन बागेचा माणूस आला, तशी ती उठली. “रोगबिग काही नाही त्याला. माझा नवरा आहे तिथं.”

“असेल, बाई,” तो शांतपणे म्हणाला. “त्या पांढऱ्याखाली कुणाची तरी आई आहे. तेही पिवळं पडायला लागलंय. मला मातीसकट उचलायला सांगितलंय.”

“माती कुठं नेणार?”

“भट्टीत. रोग पसरायला नको.”

“म्हणजे पुन्हा जाळणार,” ऊना म्हणाली. तिनं उरलेला चहा गवतावर ओतला आणि थर्मास पुढं केला.

इशबेल गुडघ्यांवर बसली आणि हातानं माती भरू लागली. करवतवाल्यानं पाठ फिरवून सिगरेट पेटवली.

परतताना बसमध्ये थर्मास तिच्या मांडीवर होता.

“घरी कुठं घालशील?” ऊनानं विचारलं.

“लॅव्हेंडरच्या वाफ्यात. त्याला राख मानवते.”

“अगं, तिटकारा होता त्याला लॅव्हेंडरचा. म्हाताऱ्यांच्या कपाटाचा वास येतो म्हणायचा.”

“मला तरी कुठं आवडतो,” झाकण घट्ट करत इशबेल म्हणाली. “पण आता दोघांना तिथंच राहायचंय.”