चोवीस तासांचा पट्टा

खोटं बोललेलं मला खपत नाही. घरात तर अजिबात नाही. हे सायमीला, माझ्या लेकीला, मी लहानपणापासून बजावत आलो आणि शेवटी तेच माझ्या अंगाशी आलं.

सायमी पंधरा वर्षांची. सहाव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह, कमरेला इन्सुलिनचा पंप. साखर सांभाळण्यात पोरगी माझ्यापेक्षा हुशार. पण या वर्षीच्या तपासणीत हिल्का नर्सने तिचं ब्लडप्रेशर तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा ते जास्तच निघालं.

"मधुमेह असला की हृदयावरचा ताण लवकर पकडावा लागतो," ती म्हणाली. "चोवीस तासांचा पट्टा बांधू. त्यावरही आकडे जास्त आले, तर डॉक्टर प्रेशरची गोळी सुरू करतील."

"पंधराव्या वर्षी? माझ्या आईला सत्तरीत लागली."

"तुमच्या आईला मधुमेह नव्हता."

पट्टा दर अर्ध्या तासाला दंड आवळायचा. सोबत एक वही. आवळला त्या वेळी काय चाललं होतं, ते सायमीने लिहायचं. नेमका बुधवार, आमच्या इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, आमची आठवड्याची पाळी. पट्ट्याला वाफ चालत नाही, म्हणून सायमी बाहेरच्या बाकावर बसली. मग मीही गेलो नाही. बारा वर्षांत पाळी पहिल्यांदा फुकट गेली.

"जा ना, बाबा. तुला कुणी बांधलंय?" ती म्हणाली.

"गप बस आणि लिही," मी म्हणालो. गोळीचा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता, पण ते तिला कसं सांगू?

गुरुवारी हिल्काने आकडे उतरवून घेतले. रात्री सगळं ठीक. दिवसा मात्र तीन वेळा एकदम उसळी.

"यंत्र बिघडलंय तुमचं," मी ठणकावलं.

हिल्काने वही वाचली आणि माझ्यापुढे सरकवली. सायमीचं अक्षर स्वच्छ आहे.

'४:३०. खेळाच्या सरावाला जाताना, गाडीत. ओठाखाली तंबाखूचा बार भरला. ७:००. सरावावरून परत, गाडीत. बार. सकाळी ७:३०. गाडीत. बार. डबी बाबांची. त्यांचं लक्ष रस्त्यावर.'

ती तंबाखू आमच्याकडे विकायला बंदी आहे. मी दर महिन्याला सीमा ओलांडून स्वीडनमधून आणतो; एक डबी खिशात, बाकीच्या गाडीच्या खणात ठेवतो. आमच्या केमी गावातले निम्मे बाप तेच करतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नाताळपासून. तूच म्हणायचास, धूर नाही तर त्रास नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"हिल्काताई म्हणाली खरं लिही. आणि हृदय माझं आहे, बाबा."

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिल्का रागावली नाही. तीन महिने तंबाखू पूर्ण बंद, मग पुन्हा पट्टा, गोळीचं त्यानंतर ठरवू, एवढंच म्हणाली. मी खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली.

"आता हात पुढे करा," ती म्हणाली.

"माझा कशाला?"

वरचं प्रेशर एकशे एकाहत्तर निघालं. तोच पट्टा तिने माझ्या दंडाला बांधला आणि कोरी वही हातात दिली.

गाडीत बसलो, किल्ली फिरवायच्या आत पट्टा आवळला. हात हलवायचा नसतो, म्हणून तसाच बसून राहिलो. सुटल्यावर वही गुडघ्यावर घेतली, वेळ टाकली आणि लिहिलं, 'गाडीत. मुलीची माफी मागितली.'

सायमीने वाकून वाचलं.

"अजून मागितली नाहीयेस," ती म्हणाली. "खोटं लिहायचं नाही."

मग मी मागितली.