उंबऱ्यालाही न शिवलेलं पाणी

दूध संघातनं निवृत्त झालेल्या जोतीराम चौगुल्यानं फंडाचा सगळा पैसा तळमजल्यावरच्या एका फ्लॅटवर लावायचं ठरवलं. तो भाड्यानं द्यायचा आणि म्हातारपण त्यावर काढायचं. पंचगंगा फार लांब नव्हती, पण विकणारा धैर्यशील छातीवर हात ठेवून सांगत होता, की महापुरात पाणी उंबऱ्यालाही शिवलं नाही.

भर दुपारी जोतीरामनं ओळखीचा गवंडी केरबा घर तपासायला नेला. लादी उतरती वाटली म्हणून केरबानं लेव्हलची नळी काढली. पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर थांबतं. बादलीतनं तोंडानं ओढून त्यानं ती भरली आणि पचकन थुंकला. बादलीतलं पाणी नितळ होतं, थुंकलेला गाळ काळा होता.

एक टोक जोतीरामनं स्वयंपाकघरात धरलं, दुसरं केरबानं बाहेरच्या खोलीत. पाणी कमरेपाशी थांबलं. मग चढायला लागलं. छातीला आलं, डोक्यावर गेलं. सांडू नये म्हणून दोघंही हात उंच करत गेले. छताखाली वीतभर अंतरावर ते थांबलं, गढूळ.

केरबा स्टुलावर चढला आणि तिथला नवा रंग त्यानं थापीनं खरवडला. खाली सरळ तपकिरी रेघ निघाली. चारी भिंतींना खरवडून बघितलं, तीच रेघ.

"आण्णा, सोडा ह्यो फ्लॅट."

जोतीराम रेघेकडं बघत मनात हिशेब करत होता. असल्या माणसांची खोडच अशी, खोट दिसली की पळत नाहीत, भाव पाडतात.

"आपल्याला कुठं ऱ्हायचंय हितं? ऱ्हाणार भाडेकरू."

केरबानं बाहेर आवारात नळी झटकली. एक थेंब पडला नाही. दिवसाच्या हजेरीचे पैसेही न घेता तो गेला.

जोतीरामनं धैर्यशीलला रेघ दाखवली, भाव पाडला, फ्लॅट घेतला. रेघेवर दोन हात रंग मारला. मेल्या माणसाला पावडर लावावी तसा.

महिन्याभरात सौंदर्या नावाची नर्स घर बघायला आली. गडहिंग्लजची, सोबत अंथरुणाला खिळलेली आई राहणार होती. घर तिला आवडलं. दारातनं निघताना तिनं विचारलं, "काका, पुराचं पाणी येतं काय ओ हितं? आईला उचलायला मी एकटीच हाय."

उत्तर जोतीरामच्या जिभेवर तयार होतं. उंबऱ्यालाबी शिवलं न्हाय. त्यानं ओठ उघडले आणि तोंड गार पाण्यानं गच्च भरलं. दातांत वाळू करकरली. गिळता येईना, थुंकता येईना. सौंदर्या उत्तराची वाट बघत उभी होती.

त्याचा उजवा हात आपोआप वर गेला. बोट छताखाली वीतभर अंतरावर रोखलं गेलं.

तिनं वर बघितलं. कोऱ्या रंगातनं तपकिरी रेघ सावकाश उमटत होती. तिनं पिशवी उचलली.

ती गेटाबाहेर पडेपर्यंत त्याचा हात खाली आला नाही, आणि तोंडातलं पाणीही तोंडातच होतं.