कोरी वजाबाकी

सोल्फ्रिड हेस्टनेसला बोट कधी लागत नसे. पण त्या शनिवारी सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, आणि का ते तिला पक्कं माहीत होतं. आज सर्वेक्षणाची पश्चिमेकडची शेवटची रेघ मारायची होती. आठ वर्षांपूर्वी मागच्या डेकवरचा ओड्वार याच रेघेवर समुद्रात पडून गेला होता. तेव्हा ती नवशिकी होती. आता जहाजावरची मुख्य नॅव्हिगेटर.

काम म्हटलं तर सोपं. जहाजामागे पाण्यात एअरगन ओढत न्यायच्या, ठरल्या जागी त्यांतून दाबलेली हवा फोडायची, आणि तळाखालच्या खडकांवरून परत येणारा आवाज लांबलचक केबलींतल्या माइकांनी टिपायचा. काही वर्षांनी त्याच रेघेवर पुन्हा तेच. नव्यातून जुनं वजा केलं की मधल्या काळात खालचं तेल कुठे सरकलं ते कळतं. मात्र गन जुन्या जागीच फुटायला हव्यात. आजवर प्रवाह त्यांना मनाला येईल तिकडे न्यायचा आणि चार-सहा मीटरची चूक सगळे मुकाट्याने पदरात घ्यायचे. यंदा गनांना वळणारे पंख बसवले होते. ते पंख सोल्फ्रिडच्या हाताखाली होते.

बाहेर जूनचं पांढरं धुकं होतं. पडद्यावर निळा ठिपका म्हणजे गनांची आठ वर्षांपूर्वीची जागा, लाल म्हणजे आजची. रेघ सुरू झाली तसा लाल ठिपका निळ्यावर चढला आणि तिथून ढळेचना.

"अगं, वीतभरसुद्धा फरक नाही!" मागून हाल्वार म्हणाला. तो तेल कंपनीचा माणूस. कॉफीचा मग घेऊन दिवसभर पाठीशी उभा असायचा. "जादूटोणा करतेस की काय?"

"मी काहीच करत नाहीये. पंख सरळ आहेत बघ. पाणीच नेतंय."

"मग पुढच्या महिन्यापासून तुझा पगार पाण्याला देऊ."

त्याने शेजारच्या पडद्यावर वजाबाकी लावली. पडदा कोरा आला. नुसता पांढरा. हाल्वारने मग खाली ठेवला. "हे चित्र मी घरी भिंतीवर लावणार."

"लाटांचा आवाज कुठे गेला?" सोल्फ्रिडने विचारलं.

"गाळला असशील."

"मी अजून काही गाळलंच नाहीये, हाल्वार. खडक तेच असतील, तेलही सरकलं नसेल. पण लाटा? त्या दर वेळी वेगळ्या असतात. त्याही वजा झाल्यात. आपल्या जहाजाच्या पंख्याची घरघरसुद्धा."

"तुम्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना काही चांगलं झालेलं बघवतच नाही," हाल्वार हसला.

तेवढ्यात जिन्यावरून करपलेल्या दुधाचा वास आला. शनिवारी जहाजावर तांदळाची लापशी असते, आणि ती खाली लागली होती. आठ वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारीही लागली होती. दुपारपर्यंत सगळ्यांनी आचाऱ्याला धारेवर धरलं होतं. दुपारनंतर लापशीला कोणी हात लावला नव्हता. सोल्फ्रिडने पडद्याकडे पाहिलं. निळ्या ठिपक्यांची रांग जरा पुढे जाऊन तुटत होती. तिथे गन थांबवल्या होत्या, कारण तिथे माणूस पडला होता.

वॉकीटॉकी खरखरला. टोर्ग्रिम, मागच्या डेकचा मुकादम, उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरचा, फार मोठ्या आवाजाचा. आज मात्र हळू बोलत होता. "दोन नंबरच्या गनमधून हवा गळतेय. बघून येतो."

"थांब, टोर्ग्रिम. बाहेर जाऊ नकोस."

"हो, दोन वॅफल झाकून ठेव माझ्यासाठी. गेल्या खेपेसारखे गार नकोत."

सोल्फ्रिडने वॉकीटॉकी कानाशी नेला. टोर्ग्रिम वॅफलला शिवतही नसे. हे उत्तर तिला पूर्वी मिळालं होतं, याच खुर्चीत, 'खायला काही ठेवू का तुला?' असं तिने ओड्वारला विचारलं तेव्हा.

"ऐकतोयस का तू? आत ये!"

"साखर नको. जॅम चालेल."

बोलण्यात अर्थ नव्हता. ते बोलणं तिच्याशी चाललंच नव्हतं. गन बंद कराव्यात? त्या दिवशीही शेवटी बंदच केल्या होत्या. त्या दिवसापेक्षा वेगळी करता येईल अशी तिच्या हातात होती ती फक्त गनांची जागा. तिने पंख डावीकडे पूर्ण वळवले.

"अगं ए! काय करतेस?" हाल्वार ओरडला.

लाल ठिपका हलेना. पंख वळल्याचं यंत्र सांगत होतं, पण निळ्याने लालला धरून ठेवलं होतं. मग ठिपक्याची कड जरा सुटली. हातभर सरकला. मग मीटर, तीन मीटर, दहा. कोऱ्या पडद्यावर मुंग्या फुटाव्यात तसे ठिपके आले आणि बघता बघता पडदा खवळल्या समुद्राच्या आवाजाने भरून गेला. तिने गन बंद केल्या.

"सोल्फ्रिड?" वॉकीटॉकीवर टोर्ग्रिमचा आवाज पोरासारखा झाला होता. "मी इथे कशाला आलोय?"

"कुठे आहेस?"

"मागच्या उतारावर, गन पाण्यात सोडतो तिथे. अगदी कडेला. पट्टा नाही लावलेला."

"कठडा धर, ओड्वार. दोन्ही हातांनी. आणि हळूहळू मागे ये."

लाट आली ती तो कठड्याला धरून असतानाच. कमरेपर्यंत भिजवून गेली.

"कंपनीला काय सांगू मी?" हाल्वार तडतडत होता. "चांगली रेघ मातीत घातलीस!"

"प्रवाह होता म्हणून सांग."

"मी इथे उभा होतो, सोल्फ्रिड!" पण टोर्ग्रिम ओलाकंच वर आला आणि दारातच खाली बसला, तेव्हा हाल्वारने आपली कॉफी त्याच्या हातात दिली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी चांगला वारा होता. रेघ पुन्हा मारली. फरक दोन-तीन मीटर, वजाबाकी खरखरीत. हाल्वारने सही केली.

संध्याकाळी टोर्ग्रिम तिच्या खोलीत आला.

"ओड्वार कोण? तू मला ओड्वार म्हणालीस."

तिने सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगितलं. तो कसा हसायचा, शिव्या किती सुरेख द्यायचा. मग ती म्हणाली, "टाकून दिलेल्या रेघेचं शेवटचं टोक ऐकायचंय? गन बंद केल्यावरही माइक थोडा वेळ चालू होते."

तिने आवाज लावला. आधी नुसतं पाणी. मग धप्. जरा वेळाने पुन्हा धप्. गनांच्याच ठेक्यात. केबलींवरून तिने जागा काढली होती. आवाज जुन्या रेघेवरून येत होते, निळे ठिपके जिथे तुटले होते त्याच्याही पुढून, आणि उत्तरेकडे सरकत होते. तिथे आदल्या दिवशी दुसरं एकही जहाज नव्हतं. जणू आठ वर्षांपूर्वी गन थांबवायची वेळच आली नव्हती.

दोघं ऐकत बसली. धमाके लांब लांब जात पुसट झाले, पण थांबले नाहीत. शेवटी टोर्ग्रिमनेच हात पुढे करून आवाज बंद केला.