दुसऱ्या हाताचं वजन

केतनभाईंनी दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी उघडून ठेवले, तसा कुंडलिक तुळसकरांचा उजवा हात आपोआप पुढे गेला. मोठ्या लॅपटॉपच्या कळांवर त्यांनी तीन बोटं अलगद ठेवली, पेटीवर ठेवावीत तशी.

"बाबा, सूर नाही लागत त्यातून," श्रुतिका म्हणाली.

"लागत नाही कसा? पंखा बघ ना. कसा खर्ज धरून बसलाय."

केतनभाई हसले. घाटकोपर पश्चिमेला त्यांचं हे दुकान वीस वर्षं होतं, आणि बापलेकींच्या जोड्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. बहुतेक बाप आधी वॉरंटी विचारत.

"अंकल, हा गेमिंगवाला. अडीच किलो. आणि ह्याचा चार्जर म्हणजे वीटच समजा. हा दुसरा सव्वा किलो, दिवसभर बॅटरी, बॅगेत आहे की नाही ते पण कळणार नाही. ऑफरमध्ये दोघांच्या भावात फारसा फरक नाही. काम काय करणार ते बोला."

"ही सांगेल," कुंडलिक म्हणाले.

श्रुतिकाने पेन ड्राइव्ह काढला. अंधेरीच्या कॉलेजात तिचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. सोमवारी शाखा निवडायचा फॉर्म भरायचा होता. एक शाखा थ्रीडीची, म्हणजे पडद्यावर अख्खी जागा उभी करायची. दुसरी वेबसाइटची. थ्रीडीला तिचे सर तिची वाट बघत होते; पण त्या कामाला साधा लॅपटॉप पुरत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगून टाकलं होतं.

फाइल आधी छोट्यावर उघडली. झाडं आली, त्यातली अर्धी करडीच राहिली. पडदा थिजला.

"उघडतो, पण रडतो," केतनभाई म्हणाले. "तिकडे लाव."

मोठ्यावर आरे कॉलनीतला रस्ता उलगडला. बसचा थांबा, तबेल्याची पत्र्याची छपरं, रस्त्याच्या कडेचं गुडघाभर गवत. श्रुतिकाने बोट फिरवलं तशी नजर थांब्याला वळसा घालून झाडांत शिरली. गवत एका बाजूला झुकलं, सरळ झालं, परत झुकलं.

कुंडलिकांनी चष्मा नाकावर सरकवला. मुलगी कॉलेजच्या लॅबमध्ये उशिरापर्यंत काहीतरी करत बसते एवढं त्यांना माहीत होतं. काय करते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"हे तू केलंस?"

"हो."

"आणि वारा? वारा कुठून आणलास?"

तिला हसू आलं. "तोच सगळ्यात कठीण असतो, बाबा."

ते बराच वेळ गवताकडे पाहत राहिले. "पांडुरंगा," असं पुटपुटले, आणि केतनभाईंकडे वळले. "मग हाच द्या. ठरलं."

"नाही," श्रुतिका म्हणाली. "छोटा."

"अगं, पण तो रडतो म्हणाले ना हे."

"थ्रीडीला रडतो. वेबला चालतो. मी वेब घेते."

"कशासाठी?"

"रोज न्यायचा-आणायचाय. भांडुप ते अंधेरी. जड पडेल."

"अडीच किलो जड? माझी लाडकी पहिलवान, अकरा किलोचा गोवर्धन उचलून चालतेस की!"

गोवर्धन म्हणजे त्यांची पेटी. हे नाव तिनेच ठेवलं होतं. कुंडलिक दिवसा एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत आणि संध्याकाळी अंगरखा-उपरणं घालून कीर्तनाला उभे राहत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, जिथून बोलावणं येईल तिथे. लोक त्यांना बुवा म्हणत. चौदाव्या वर्षापासून श्रुतिका त्यांच्या साथीला पेटीवर बसे. प्रत्येक देवळात एक पेटी असतेच, पण बुवांना ती चालत नसे. "देवळातली पेटी म्हणजे धर्मशाळेतली उशी," ते म्हणत. "कोणाकोणाचं डोकं टेकलेलं असतं." त्यांची गाण्याची पट्टी काळी दोन, आणि त्यांच्या पेटीची काळी दोन कशी, तर घंटेसारखी. तीन वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. तेव्हापासून पेटी श्रुतिकाच्या हातात आली. कीर्तनाच्या दिवशी ती सकाळीच पेटी घेऊन निघायची, दिवसभर कॉलेजच्या लायब्ररीत ठेवायची आणि संध्याकाळी परस्पर देवळात पोचायची. घरी जाऊन यायला वेळच नसे.

"असं कर," केतनभाई म्हणाले, "सॅकमध्ये टाकून बघ. हातात धरून अंदाज येत नाही."

तिने मोठा लॅपटॉप सॅकमध्ये सरकवला, वर चार्जर टाकला, सॅक पाठीला लावली. दोन पावलं गेली. मग थांबली. काउंटरपाशी यूपीएसचा एक खोका पडला होता. तिने खाली वाकून त्याची पट्टी डाव्या हातात घेतली, उचलला, दाराबाहेरच्या तीन पायऱ्या उतरली, पुन्हा चढली. वर येताना तिचा डावा खांदा खाली आला आणि मान उजवीकडे गेली. खोका जागेवर ठेवून तिने तळहात जीन्सला पुसला.

"अरे, तो कशाला उचलला?" केतनभाई म्हणाले. "तो पण घ्यायचाय का?"

"नाही नाही. असंच." तिने सॅक उतरवली. "छोटाच बरा."

कुंडलिकांनी जवळ जाऊन खोक्यावर छापलेलं अकरा किलो हे वजन वाचलं, चष्मा काढला, उपरण्याने पुसायला गेले आणि अंगावर उपरणं नाही हे लक्षात आल्यावर सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"दोन्ही ठेवता का सोमवारपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"ठेवतो की, अंकल. पळून जातात का ते?"

घरी श्रुतिकाच्या आईने, सुगंधाने, दार उघडलं आणि रिकामे हात बघून कपाळावर हात मारला.

"इल्यात हात हलवीत! दोन तास काय केल्यात?"

"वारा बघितला," कुंडलिक म्हणाले.

"एसी होतो काय दुकानात?"

रविवारी सकाळी नाश्ता होताच ते बाहेर पडले. कुठे म्हणून विचारलं तर "राजारामकडे" एवढंच म्हणाले. राजाराम त्यांचा तबलजी. परत आले ते जेवायच्या वेळेला. श्रुतिकाने तोवर शाखेचा फॉर्म फोनवरच भरून ठेवला होता, वेब या शब्दासमोर खूण करून. पाठवायचा तेवढा बाकी होता.

संध्याकाळी मुलुंडला कीर्तन. ती तयार होऊन कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेली. पेटीवर तिची मखमली खोळ नव्हती. त्याऐवजी आईची जुनी सुती साडी चौघडी करून घातली होती, माणूस झोपल्यावर पांघरूण घालावं तशी.

"बाबा, गोवर्धनाची खोळ कुठाय?"

"धुवायला टाकली. त्याला आज जागेवर राहू दे. देवळात आहे पेटी."

"ती? तिची काळी दोन भुंकते! मागे तुम्हीच म्हणालात, कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिल्यासारखी."

"असू दे."

"मग मी येऊन काय करू?" तिचा आवाज चढला. तीन वर्षांत पेटीशिवाय ती घराबाहेर पडलीच नव्हती, कीर्तनाला तरी. "पेटी नको तर मला कशाला नेताय?"

कुंडलिक फेटा बांधत होते. त्यांनी हातातला वेढा पूर्ण केला.

"पेटी नको म्हटलं, बाळा. वाजवणारी नको असं कोण म्हणालं?"

आतून सुगंधा म्हणाली, "भांडान झाला काय तुमचा? रिक्षा थांबलीहा खाली."

रिक्षात ती हात मांडीवर ठेवून बसली. कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

देवळात राजाराम आधीच येऊन तबल्यावर हातोडीने ठोकत होता. तिला बघून त्याने भुवया उडवल्या.

"या. तुमच्या पिताजींनी वाट लावली माझी. बावीस वर्षं एक तबला घेऊन फिरतोय. सकाळी मला इथे धरून आणलं आणि म्हणाले, दुसरा आण. आता म्हणे जिथली पेटी तिथली. म्हणजे मी दोन-दोन तबले बाळगायचे!"

"दुसरा कशाला?"

"विचार त्यांनाच. मी बोललो तर बुवा मला आख्यानात घालतील."

ती देवळाच्या पेटीसमोर बसली. पेटी जुनी होती, भात्याला एका बाजूने चिकटपट्टी लावलेली. कीर्तनाआधी बुवा स्वतः पेटीला गंधफूल वाहत, नेहमी समोरच्या फळीवर, मधोमध. तिने झाकण उघडलं. फळी कोरडी होती. गंधाचा एक लहान ठिपका एका काळ्या कळेवर होता. सकाळचा असावा, सुकून कडेने पांढरा पडला होता.

काळी एक. बाबांच्या पट्टीहून एक स्वर खाली; राजारामचा दुसरा तबला त्यासाठीच होता.

तिने भाता हलवून ती कळ दाबली. स्वर खडबडीत होता, पण सरळ. शेजारची काळी दोन दाबली, तशी ती भुंकली.

बुवा टाळ्यांच्या गजरात पुढे आले, देवाला हात जोडले, झांजा घेतल्या. सवयीने तिचं बोट काळी दोनकडे गेलं होतं. त्यांनी मागे न पाहता पाठीमागे धरलेल्या हाताचं एक बोट दाखवलं. तिने बोट खाली आणलं. राजारामने थाप दिली.

नमन सुरू झालं आणि तिला तो आवाज ओळखू येईना. बुवांचं नाव होतं ते वरच्या स्वरांसाठी. नमनाचा पहिला षड्ज लागला की मागे उभे असलेले लोक चप्पल काढून आत येत. आज तो षड्ज वर चढलाच नाही. खाली, घरातल्या घरात बोलावं तसा लागला, आणि शब्द एकेक दिसू लागले.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीच्या कानाशी तोंड नेलं, पण कानाला कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "बुवांची पट्टी उतरली गं. वय झालं."

श्रुतिकाचा हात भात्यावर थांबला. स्वर तुटणार तेवढ्यात तिने तो सावरला. बुवांनीही ऐकलं होतं. त्यांनी त्या बाईंकडे बघून झांजा जोडून नमस्कार केला, जणू त्यांनी काही चांगलंच म्हटलं होतं, आणि पुढची ओळ घेतली.

पूर्वरंग संपला. मध्यंतराचा गजर चालू झाला, विश्वस्तांनी बुवांना बुक्का लावला, गळ्यात हार घातला. हार नीट करायच्या निमित्ताने ते पेटीशी वाकले. कपाळावरून घाम आणि बुक्का एकत्र ओघळत होता.

"तुला एक विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "त्या मोठ्याचा चार्जर सॅकच्या पुढच्या कप्प्यात मावतो की मागच्या?"

गजर मोठा होता. तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि पेटीकडे बघत राहिली. गंधाचा ठिपका तिच्या बोटाने पुसट झाला होता.

"बाबा, लोक काय म्हणाले ऐकलंत ना?"

"ऐकलं की. वय झालंच आहे. खोटं कुठे बोलल्या त्या?" त्यांनी फेटा सरळ केला. "कप्प्याचं सांग."

"पुढच्या," ती म्हणाली. "पुढच्यात मावतो."

"मग उद्या दुकान उघडायच्या वेळेला जाऊ."

ते उभे राहिले. गजर थांबला, लोक खाली बसले, सतरंजीवर गुडघे सरकल्याचे आवाज आले. बुवांनी आख्यान लावायला झांजा उचलल्या, आणि या वेळी मागे बोट दाखवलं नाही.

तिचा उजवा हात आपणहून काळी एकवर गेला. डावा भात्यावर होता, आत-बाहेर, आत-बाहेर. तळहातावर तीन वर्षांचा घट्टा होता. ओझ्याशिवाय देवळात यायची त्या हाताला अजून सवय नव्हती.