दहा पावलं ओलं, दहा पावलं कोरडं

"या गाडीले मीटर कुठी आहे?" देवरावने हँडलवर दोनदा नजर फिरवून विचारलं.

"रेसच्या गाडीले मीटर नसते, भाऊ," प्रफुल हातमोजे चढवत म्हणाला.

"मंग किती स्पीडनं चालला, ते तुले समजते कसं?"

"समजत नाई. अंदाजच असते."

देवराव चाटच पडला. बावीस वर्षं त्याने माजरीच्या कोळसा खाणीत एका ठेकेदाराचा पाण्याचा टँकर चालवला होता. तिथे वळणावळणावर स्पीडचे बोर्ड, प्रत्येक डंपरला मीटर, आणि कुणी जरा पळवला की साहेबाचा फोन आलाच म्हणून समजा. आणि इथे भद्रावतीजवळच्या या पडीक माळावर मातीचे ढिगारे रचून त्यांवरून फटफट्या हवेत उडवायच्या, अन् किती वेगात उडालो हे उडणाऱ्यालाही ठाऊक नाही! असली शर्यत कुठल्या शहाण्याने काढली असेल, हा प्रश्न त्याला पडला, आणि प्रश्न पडला की तो विचारल्याशिवाय देवरावला जेवण जात नसे. "तुमाले देवानं तोंड खासाठी नाई, इचारासाठीच देलं," असं त्याची बायको चंदाबाई उगाच म्हणत नव्हती.

शर्यतीच्या दिवशी धूळ बसवायला ट्रॅकवर पाणी मारायचं, एवढंच देवरावचं इथलं काम. पण या माळाशी त्याचा खरा धागा म्हणजे रोशनी, त्याची लेक. आयटीआय करून ती ऊर्जानगरच्या एका गॅरेजात लागली होती आणि दोन वर्षांपासून पोरांच्या बरोबरीने शर्यतीत उतरत होती. इतर पोरं सुरू करण्याआधी ट्रॅक पायाने दाबून बघत, कुठे निसरडं आहे का ते. रोशनी कधी बघत नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "बाबानं पाणी मारलं नं? झालं मंग." हे ऐकून देवराव मान फिरवायचा, कारण चेहऱ्यावरचा आनंद लपवणं त्याला जमत नसे.

पण या खेपेला गॅरेजवाल्याने तिला मोठी गाडी दिली होती, आधीच्या दुप्पट ताकदीची. गेल्या रविवारी देवरावने ती गाडी दोन ढिगाऱ्यांवरून जाताना पाहिली. पहिल्या ढिगाऱ्यावरून उडायचं, मधला खड्डा ओलांडायचा आणि दुसऱ्याच्या पलीकडच्या उतारावर उतरायचं. पोरगी वर गेली आणि खाली येईचना. त्या रात्री देवरावच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तो शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या गुणवंतरावांकडे गेला. "गाड्यांची ताकद जरा कमी करता नाई येत का, जी? खाणीत कसा लिमिट असते..."

गुणवंतराव हसले. "देवरावभाऊ, रेसमध्ये स्पीड नको म्हणजे लग्नात नवरदेवच नको म्हणून राह्यले तुम्ही!"

देवरावने पुन्हा विषय काढला नाही. पण वेग कमी करायचा उपाय त्याच्याही हातात होता, टँकरच्या मागच्या तोटीत.

खाणीत चढ-उताराला सलग पाणी मारायचं नाही, हा पाणीवाल्याचा पहिला धडा. दहा पावलं ओलं, दहा पावलं कोरडं. धूळही बसते आणि चाकाला धरायला कोरडी जमीनही राहते. बावीस वर्षांत देवराव एकदाही चुकला नव्हता. आज सकाळी मात्र ढिगाऱ्यापुढच्या सरळ पट्ट्यावर आल्यावर त्याने तोटी बंदच केली नाही. चिखल झाला की पोरी-पोरं आपसूक हळू जातील, एवढाच त्याचा हिशेब.

सरावाला पहिला नंबर रोशनीचा होता. पण तिची चेन सैल निघाली, ती पाना शोधायला वाकली, आणि प्रफुल म्हणाला, "तू कर आरामात, मी जातो." घाईत पट्टा पायाने न दाबताच तो आपली तशीच मोठी गाडी घेऊन गेला. गाडीचा आवाज चढला, पण गाडी त्या मानाने चढली नाही. तो उडाला तो आखूड. पुढचं चाक दुसऱ्या ढिगाऱ्याच्या अलीकडच्या अंगावर आदळलं आणि प्रफुल गाडीवरून पुढे फेकला गेला.

खांद्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होता, ओरडत होता. गाडीत घालून त्याला चंद्रपूरला नेलं. देवराव टँकरच्या पायरीवर बसून राहिला.

मंडपात बैठक बसली. गुणवंतरावांचं हसू पार मावळलं होतं. "बस झालं. आजपासून मोठ्या गाड्यांले चकती लावायची," ते म्हणाले. चकती म्हणजे इंजिनात हवा जाते त्या तोंडावर बसवायचं बारीक भोकाचं झाकण. हवा कमी, म्हणजे ताकद कमी. देवरावने मागितलं होतं ते आता आपणहून समोर आलं होतं. त्याने फक्त तोंड मिटून बसायचं होतं.

"पण तो स्पीडनं नाई पडला, भाऊ," रोशनी उभी राहिली. "स्पीड कमी पडला म्हणून पडला. मी मागूनच पाह्यलं. चाक नुसतं फिरून राह्यलं होतं, गाडी सरकत नव्हती. असं काऊन झालं, तेच समजून नाई राह्यलं."

"तुले मोठी गाडी पाहिजे, म्हणून तू असंच म्हणशील," गुणवंतराव फटकन बोलले. दोघंतिघं हसले.

रोशनीचा चेहरा उतरला. खोटं बोलणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि हे देवरावइतकं त्या मंडपात कुणालाच माहीत नव्हतं.

"पोरगी खरं सांगून राह्यली," तो उठला. "मी पट्टा सलग भिजवला. चुकून नाई, जाणूनबुजून. हळू चालवतीन म्हणून."

देवरावला वाटलं, आता कुणीतरी शिवी तरी द्यावी.

"पहिला नंबर माहा होता, बाबा," रोशनी म्हणाली.

एवढंच. देवरावच्या डोळ्यांपुढे चेन कसायला वाकलेली तिची पाठ आली. तरी तो बोलत राहिला, कारण अर्धवट सांगून भागणार नव्हतं.

"प्रफुलले मी स्वतः जाऊन सांगतो. अन् गुणवंतराव, चकती लावाची तं लावा, मले आवडनच. पण ढिगारे बावीस पावलांवर आहेत, मी मोजले. ताकद कमी केली अन् खड्डा तेवढाच ठेवला, तं आज एक पडला, उद्या चार पडतीन. गाडी कमी कराची तं खड्डाबी कमी करा लागन."

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी ठरलं, की चकतीचं पुढच्या बैठकीत बघू, आज जेसीबीने दुसरा ढिगारा पाच पावलं अलीकडे ओढू. "अन् पाणी दुसऱ्या कोणाले मारू द्या," ते देवरावकडे न बघता म्हणाले.

"पाणी बाबाच मारतीन," रोशनी म्हणाली. "दुसऱ्या कोणाले येत नाई."

दुपारी तीनला देवरावने पट्टा पुन्हा केला. सकाळचा चिखल खरवडून काढला, सुकी माती पसरली, मग दहा पावलं ओलं, दहा पावलं कोरडं. खाली उतरून त्याने प्रत्येक तुकडा स्वतः चालून पाहिला. नंतर टँकर कडेला घेऊन तो आत बसला.

रोशनी गाडी घेऊन आली. पट्ट्याच्या तोंडाशी थांबली, गाडी उभी केली आणि उतरली. उजव्या हातातला मोजा काढून तिने खाली वाकून ओल्या मातीवर पंजा दाबला. दहा पावलं पुढे जाऊन कोरड्यावर दाबला. मग हात पँटला पुसला, मोजा चढवला आणि टँकरकडे न बघता गाडीवर बसली.

ती उडाली आणि पलीकडच्या उतारावर नीट उतरली. माळभर टाळ्या झाल्या. देवरावने वाजवल्या नाहीत, त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. बरोबर केलं पोरीनं, तो स्वतःशीच म्हणाला, तपासलंच पाहिजे.

दुसऱ्या फेरीआधी त्याने पुन्हा पाणी मारलं. या वेळी टँकर कडेला घेतला नाही. पट्ट्याच्या तोंडाशी आडवा उभा करून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून वाट पाहत राहिला. रोशनी आली, वाकली, ओलं दाबलं, कोरडं दाबलं. ती उठून उभी राहिल्यावरच देवरावने टँकर बाजूला घेतला.