मी दाराच्या जागची फळी

मी फळी बोलतेय. दार नव्हे, फळी. आधीच सांगून ठेवते, कारण बाहेरगावची माणसं आली की मला हात लावून विचारतात, "मग दार कुठाय?" आमच्या शनिशिंगणापुरातल्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं. कडी नाही, कुलूप नाही. कुत्रं किंवा शेळी आत शिरू नये म्हणून चौकटीला एक फळी टेकवून ठेवतात. ती मी. उंचीनं कमरेइतकी, अंगानं दणकट.

माझा जन्म कडुलिंबाचा. कानिफनाथच्या मळ्यातलं झाड वादळात आडवं झालं. सुतारानं त्याची एक बाज केली, दोन पाट केले आणि उरलं त्याची मी. उरल्यासुरल्याची म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही. बाजेला फक्त झोपण्यापुरतं काम, मी चोवीस तास नोकरीवर.

कानिफ म्हणजे आमचा घरधनी. देवळाच्या वाटेवर त्याचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. तोंड असं चालायचं की माळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नारळही घेऊन जायचं. घरी आला की मला हातानं बाजूला करायचं सोडून पायानं सरकवायचा. आतून त्याची बायको मालनबाई म्हणायची, "फळी हाय ती, फुटबॉल न्हाई." बाई चौथी शिकलेली, पण बोलायला लागली की शिकलेले गप्प बसतात.

दोन वर्षांपूर्वी दुपारी कानिफ मोटारसायकलवरून येत होता. खड्डा आला, गाडी उडाली, हा डोक्यावर पडला. हेल्मेट घरात खुंटीवर. जाताना मालननं हातात दिलं होतं, यानं "दहा मिनिटाचा तर रस्ता" म्हणून परत अडकवलं. मी बघत होते. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

नगरच्या दवाखान्यात दीड महिना काढून तो घरी आला, तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली. हात धड, पाय धड, केस वाढून टाके झाकले गेलेले. "बरा झाला की," म्हणत लोक चहा पिऊन गेले. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि उभाच राहिला. आत जायचंय, मध्ये फळी आहे, पुढं काय करायचं ते त्याला सुचेना. शेवटी माझ्याशेजारी ओट्यावर बसला आणि रडला. ज्यानं मला हजार वेळा लाथ मारली, त्याच्यासाठी मला वाईट वाटलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चहाला तेल म्हणायचा. जेवून तासभरानं जेवायला मागायचा. मिक्सर लावला की कान दाबून धरायचा. दहा पावलं चालला की पोतं उचलल्यागत दमायचा. मधेच चिडायचा आणि नंतर कशावरून चिडलो तेच आठवायचं नाही. बाहेरून काही दिसत नाही ना, म्हणून लोक म्हणायचे, नाटकं करतो. कोण म्हणायचं, येडा झाला.

शेजारच्या रतनबाई माझ्यावर हात टेकून म्हणाल्या, "मालन, साडेसाती असंल गं. तेल वाहा."

"तेल तर आमीच इकतो, काकू," मालन म्हणाली. "ह्यांना देवानं न्हाई पाडलं, खड्ड्यानं पाडलंय. आन डोक्यावर काय न्हवतं."

आठवड्यातून एकदा नगरहून सारा सिस्टर यायची. डोक्याला मार लागलेल्यांच्या घरी जाऊन शिकवायचं, हे तिचं काम. चर्चच्या दवाखान्यात वाढलेली पोर, आवाज एकदम मऊ, पण मुद्द्याला पक्की. ती मालनला म्हणाली, "ताई, हे वेड नाही. मेंदूला जखम झालीय. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, हे दिसत नाही, एवढाच फरक. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. उत्तर येईपर्यंत थांबायचं."

"किती थांबायचं?"

"तुम्हाला कंटाळा येईल, त्याच्यापेक्षा थोडं जास्त."

मालन हसली. अपघातानंतर पहिल्यांदा.

कानिफची सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे घर ओळखणं. आमच्या गल्लीत सगळ्या चौकटी सारख्या, सगळ्या फळ्या सारख्या. दुसऱ्या गावात चुकलेला माणूस बंद दारावर आपटून तरी थांबेल. आमच्यात थेट आत. एकदा तो तिसऱ्या घरात जाऊन बाजेवर झोपला. सारानं उपाय सांगितला, फळीला खूण करा. मालननं शेळीच्या गोठ्याला लावून उरलेला पोपटी रंग काढला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत फासलं. आयुष्यात पहिल्यांदा नटले. कानिफ लांबून मला बघायचा आणि सरळ घरी यायचा. आठ दिवस माझा रुबाब काय सांगू.

नवव्या दिवशी रतनबाई आल्या. "लई झ्याक दिसती गं फळी. उरलाय का रंग?"

आणि मालननं, त्या हुशार मालननं, डबा उचलून दिला. शेजारणीला रंग नाही म्हणायचं असतं, हे आमच्याकडं कुणाला सुचतच नाही. दोन दिवसांत ओळीनं तीन फळ्या पोपटी.

झालं. कानिफ रतनबाईंच्या घरात शिरला, टोपलीतली भाकरी घेऊन खाली बसला. घरात त्यांची नवी सून एकटी. ती किंचाळली. त्या आवाजानं कानिफचं डोकं भणाणलं, त्यानं तांब्या भिंतीवर फेकला. कुणाला लागलं नाही, पण गल्ली गोळा झाली.

ही बातमी कानिफचा धाकटा भाऊ कारभारी याच्या कानावर गेली. तो गावाबाहेर वस्तीवर राहतो. तिसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. टेम्पोत लोखंडी दार, बाहेरून कडी असलेलं. माझी नोकरी गेली, हे तर होतंच. पण कडी बाहेरून का, हे मला कळलं होतं.

"वहिनी, बसवून टाकू. दादाच्या भल्यासाठीच हाय. उद्या कुनाला लागलं म्हंजी?"

"ह्या गावात आपन सोन्याला कडी लावत न्हाई, भावजी. मानसाला लावायची?"

"मग काय करू? लोकं मला बोलत्यात."

मालननं पदर खोचला. "बरं. बसवा. पर आधी तुमी आत बसा. मी इथं ओट्यावर बसते. मी सांगंन तवा बाहेर यायचं."

कारभारी हसला आणि मर्दासारखा आत जाऊन बसला. मालननं मला चौकटीला टेकवलं आणि माझ्या अंगाला पाठ टेकून लसूण सोलत बसली. मला ओलांडायला त्यानं नुसती एक टांग टाकली असती तरी पुरे होतं. पण वहिनी ओट्यावर, आणि समोर निम्मी गल्ली.

थोड्या वेळानं आतून आवाज, "वहिनी, टेम्पो उन्हात हाय."

"असू द्या."

"फोन यायलाय, बाहेर रेंज मिळंल."

"ह्यांना पन बाहेर जावंसं वाटतं. ह्यांना रेंज न्हाई मिळत म्हून कोंडायचं व्हय?"

मग कारभारी आत येरझाऱ्या घालायला लागला. मला त्याची पावलं ऐकू येत होती. सुरुवातीला चिडकी, मग नुसतीच.

तेवढ्यात गल्लीतून कानिफ आला. मागं दोन पावलं सोडून रतनबाई. रंग मागून घेतला हे त्यांच्या मनाला खात होतं, म्हणून तांब्या फेकल्याच्या दिवसापासून त्या त्याला देवळापर्यंत फिरवून आणत. हात धरायचा नाही, नुसतं मागं चालायचं, हे सारानं सांगितलेलं. कानिफ माझ्यापुढं थांबला. आत भाऊ दिसला. भावाचं तोंड उतरलेलं. कानिफचे ओठ हलले, शब्द सापडेना. मालन लसूण सोलायची थांबली, पण बोलली नाही. मोठा वेळ गेला.

मग त्यानं वाकून मला दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला ठेवलं.

"कारभारी," तो म्हणाला. "भाईर ये. का बसलाय असा?"

कारभारी बाहेर आला. ओट्यावरच बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून. नंतर नाक पुसत मालनला म्हणाला, "वहिनी, त्ये दार माज्या कांद्याच्या चाळीला हुतंय."

पुढच्या खेपेला सारानं ओट्यावर अख्खी गल्ली बसवून ही न दिसणारी जखम समजावली. कारभारीही आला. रतनबाईंच्या सुनेनं सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

आता कानिफ सकाळी दोन तास दुकानावर बसतो. माळा ओवतो, गिऱ्हाइकाशी किमतीचं बोलणं कारभारीचा मुलगा बघतो. पूर्वीसारखा तो कधी होईल का, हे सारालाही सांगता येत नाही, आणि ती खोटं सांगत नाही. माझा रंग खालून सुटलाय, एक कोपरा शेळीनं खाल्लाय. चालायचंच.

तुमच्या घरांना दारं आहेत, असू द्यात. चोरासाठी लावा. गाडीवर बसताना डोक्यावर हेल्मेट घाला, खुंटीचं डोकं फुटत नसतं. आणि असं एखादं माणूस चुकून तुमच्या उंबऱ्यात आलं, तर ओरडू नका. बसवा. एकच विचारा, हळू विचारा, आणि उत्तर येईस्तोवर थांबा. तुम्हाला कुठं एवढी घाई आहे?

बरं, गप्प बसते आता. गल्लीच्या तोंडाशी कानिफ दिसतोय. आमच्याकडं येतोय की रतनबाईंकडं वळतोय, बघायचंय. वळला तरी बिघडत नाही. तिथल्या सुनेनं चहा ठेवलाय.